छोट्या आयसी पॅकेजमध्ये लीडफ्रेमच्या डिझाइनने खरंच एवढा फरक पडतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एसओटी-२३, क्यूएफएन असल्या चिमुकल्या पॅकेजमध्ये (पॅकेज म्हणजे चिपभोवतीचं प्लॅस्टिकचं कवच) लीडफ्रेम म्हणजे चिपला बाहेरच्या पायांशी जोडणारा नुसता पत्रा. सगळी करामत तर सिलिकॉनमध्ये असते, मग त्या पत्र्याच्या डिझाइनचं एवढं काय? आणि सानंदला, आसामला पॅकेजिंगचे कारखाने येतायत, तर यात शिकण्यासारखं काही आहे का?

मी पॅकेज डिझाइनमध्येच काम करते, त्यामुळे 'नुसता पत्रा' जरा लागलंच. पण खोटं नाही ते. पत्राच आहे, बहुतेक वेळा तांब्याच्या मिश्रधातूचा, जाडी साधारण ०.१ ते ०.२५ मिमी. गंमत अशी की पॅकेज जितकं लहान, तितकी या पत्र्याच्या गळ्यात जास्त कामं पडतात. मोठ्या बीजीए पॅकेजमध्ये सबस्ट्रेटात, म्हणजे चिपखालच्या छोट्या बोर्डात, तांब्याचे थर असतात, खाली सोल्डरचे शेकडो गोळे असतात, वरून हीट स्प्रेडर बसवता येतो. एसओटी-२३ मध्ये यातलं काहीच नाही. चिपला धरायचं, तिची उष्णता बाहेर काढायची, करंट न्यायचा आणि कारखान्यात पहिल्या मशीनपासून शेवटच्या मशीनपर्यंत तिला सांभाळून न्यायचं, हे सगळं त्या एका तुकड्याने करायचं. एका कामासाठी ०.१ मिमी जास्त दिला की तो दुसऱ्या कुठल्या तरी कामातून काढावा लागतो.

२एन३९०४ ची फेअरचाइल्डची जुनी डेटाशीट उघडा. कॉलेजच्या लॅबमध्ये हा ट्रान्झिस्टर प्रत्येकाने एकदा तरी जाळलेला असतो. त्या डेटाशीटमध्ये तोच ट्रान्झिस्टर तीन पॅकेजमध्ये दिलाय: टीओ-९२ मध्ये २एन३९०४, एसओटी-२३ मध्ये एमएमबीटी३९०४ आणि एसओटी-२२३ मध्ये पीझेडटी३९०४. जंक्शनपासून, म्हणजे चिपमधल्या तापणाऱ्या भागापासून, हवेपर्यंतचा थर्मल रेझिस्टन्स, म्हणजे थीटा-जेए, अनुक्रमे २००, ३५७ आणि १२५ अंश सेल्सिअस प्रति वॉट. म्हणून कमाल पॉवर ६२५, ३५० आणि १,००० मिलिवॉट. तुम्हाला ०.३ वॉट जिरवायचे असतील, तर टीओ-९२ मध्ये जंक्शन हवेपेक्षा ६० अंशांनी तापेल, एसओटी-२३ मध्ये १०७ अंशांनी आणि एसओटी-२२३ मध्ये ३८ च्या आसपास. ट्रान्झिस्टर तोच, विद्युत गुणधर्म तेच. मोजताना वापरलेले बोर्ड वेगवेगळे आहेत, त्यामुळे हे आकडे काटेकोर तुलनेचे नाहीत. पण एवढ्या फरकाचं बरंचसं श्रेय चिपबाहेरच्या धातूला आहे: तो किती आहे, कुठून बाहेर पडतो आणि बोर्डच्या तांब्याला किती रुंदीने भिडतो.

एसओटी-२३ आतून कसा असतो ते बघा. प्लॅस्टिकची बॉडी २.९ बाय १.३ मिमी. पाय तीन, पण तिघांचं काम सारखं नाही. एका बाजूला एकटाच असलेला तिसरा पाय आत जाऊन रुंद होतो आणि त्या रुंद भागावर, म्हणजे पॅडवर, चिप चिकटवलेली असते. ३९०४ च्या बाबतीत हा पाय कलेक्टरचा. उरलेले दोन पाय, बेस आणि एमिटर, चिपच्या जवळ येऊन थांबतात आणि मधलं अंतर केसापेक्षा बारीक तार पार करते. या तारेतून उष्णता जवळपास जातच नाही. आजूबाजूच्या मोल्ड कंपाउंडची, म्हणजे काळ्या इपॉक्सी प्लॅस्टिकची, उष्णतावाहकता १ वॉट प्रति मीटर-केल्विनच्या आगेमागे, म्हणजे तिकडूनही फारशी आशा नाही. उष्णतेचा खरा रस्ता एकच, तिसरा पाय.

आता हिशेब करा. पाय ०.४ मिमी रुंद आणि ०.१२ मिमी जाड धरा. सी१९४ हा लीडफ्रेमचा नेहमीचा तांब्याचा मिश्रधातू आहे आणि त्याची वाहकता सुमारे २६०. १ मिमी लांबीच्या तुकड्याचा थर्मल रेझिस्टन्स येतो साधारण ८० अंश प्रति वॉट. हाच पाय अलॉय ४२ चा केला, म्हणजे ४२ टक्के निकेल आणि बाकी लोखंड, तर वाहकता उतरते १२ च्या आसपास आणि त्याच १ मिमीला लागतात सुमारे १,७०० अंश प्रति वॉट! बाहेरून दोन्ही पार्ट सारखेच दिसतात, पायांवर दोन्हीकडे कथिलाचा मुलामा. म्हणून 'दुसऱ्या कंपनीचा तोच पार्ट' लावल्यावर बोर्ड जास्त तापला तर मी सिलिकॉनच्या आधी लीडफ्रेमचा धातू कोणता ते विचारते. पुष्कळ कंपन्या मटेरियल डिक्लरेशनमध्ये तो देतात. आणि तुम्ही पीसीबी करत असाल तर तांबं तिसऱ्या पायाला वाढवा, तिन्हींना सारखं वाटत बसू नका. पाच पायांच्या एसओटी-२३ मधल्या रेग्युलेटरमध्ये बऱ्याचदा दुसरा पाय, ग्राउंडचा, चिपखालच्या पॅडशी जोडलेला असतो. तिथे तांबं त्याला द्यायचं.

मग अलॉय ४२ वापरतात तरी कशाला? प्रसरणासाठी. एक अंश तापमान वाढलं की सिलिकॉन दहा लाखांत ३ भाग वाढतं, अलॉय ४२ चार-पाच भाग आणि तांबं १७. मोठी चिप तांब्यावर चिकटवली तर गार होताना तांबं तिला ओढतं आणि कधी चिपच तडकते. अलॉय ४२ चं सिलिकॉनशी पटतं. पण बोर्डशी पटत नाही, कारण एफआर-४ बोर्डचं प्रसरण तांब्याच्या जवळचं असतं. मग ताण जातो सोल्डरच्या जोडावर. जुन्या टीएसओपी मेमरी चिपचे जोड थंड-गरम चक्रांत थकायचे, त्याचं हे एक ठरलेलं कारण. चिप एक मिलिमीटरपेक्षा लहान असली की तांब्याचा ओढा फारसा जाणवत नाही, म्हणून छोट्या पॅकेजमध्ये पॉवर जिरवायची असेल तर मी डोळे झाकून तांबं घेईन.

क्यूएफएनने उष्णतेचा प्रश्न वेगळ्याच तऱ्हेने सोडवला. पॅड पॅकेजच्या तळाशीच उघडा ठेवायचा आणि थेट बोर्डला सोल्डर करायचा. उष्णतेला आता बारीक पायातून जावं लागत नाही, ०.२ मिमी जाडीचं तांबं सरळ उभं पार करायचं. ३ बाय ३ मिमीच्या क्यूएफएनचा थीटा-जेए जेडेक या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या चार थरांच्या बोर्डवर साधारण ४० ते ६० च्या घरात येतो. पॅडखाली व्हाया, म्हणजे बोर्डच्या थरांना जोडणारी तांब्याची भोकं, दिले नाहीत तर अर्थातच यातलं काही मिळत नाही.

पण पॅड उघडा ठेवला की नवं दुखणं सुरू होतं, ते म्हणजे पकड. जुन्या पॅकेजमध्ये धातूला चारही बाजूंनी प्लॅस्टिकचा वेढा असायचा. क्यूएफएनमध्ये प्लॅस्टिक फक्त वरून आणि बाजूंनी. गुळगुळीत तांबं आणि इपॉक्सी यांचं मुळात फारसं सख्य नाही, त्यात गरम झाल्यावर दोघांचं प्रसरण निराळं. म्हणून कडा खालच्या बाजूने अर्ध्या जाडीपर्यंत खोदतात. याला आम्ही हाफ-एच म्हणतो. मोल्ड कंपाउंड त्या कडेखाली शिरून घट्ट होतं आणि पॅडला खालून धरतं. दाराची चौकट होल्डफास्टने भिंतीत धरतात त्यातलाच प्रकार. त्यामुळे क्यूएफएन उलटा करून दिसणारा चौकोन हा खरा पॅड नसतो. आतला पॅड त्याहून मोठा असतो. ड्रॉइंगमध्ये माप दिलेलं असतं ते मात्र दिसणाऱ्या चौकोनाचं.

पकड सुटली तर काय होतं? मोल्ड कंपाउंड हवेतला ओलावा शोषतं आणि तो धातू-प्लॅस्टिकच्या सांध्यात जाऊन बसतो. सोल्डर वितळवून पार्ट बोर्डला जोडणाऱ्या रिफ्लो ओव्हनमध्ये पॅकेज २६० अंशांपर्यंत तापलं की त्याची वाफ होते आणि जिथे पकड कच्ची तिथून थर सुटतात. यालाच डीलॅमिनेशन म्हणतात. फारच झालं तर पॅकेज फुगून तडकतं, लाहीसारखा आवाज येतो म्हणून त्याचं नावच पॉपकॉर्निंग. पार्टच्या पाकिटावर 'एमएसएल ३' (ओलाव्याला पार्ट किती नाजूक, त्याची पातळी) लिहिलेलं असतं त्याचा अर्थ असा की सीलबंद पाकीट उघडल्यावर ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेपर्यंतच्या हवेत १६८ तासांच्या आत पार्ट बोर्डवर चढवा. आता जुलैतल्या मुंबईत किंवा रत्नागिरीत ६० टक्के आर्द्रता उघड्या खिडकीच्या खोलीत कुठून आणणार? उघडं पाकीट आठवडाभर टेबलावर ठेवून मग हॉट एअरने क्यूएफएन बसवायचा आणि चिपच खराब निघाली म्हणून बोंब मारायची, हे रिपेअरच्या दुकानांत सर्रास चालतं. पार्ट आधी ओव्हनमध्ये बेक करा.

लीडफ्रेम बनवणारा इथे काय करू शकतो? खाचा, पॅडला भोकं, पृष्ठभाग रासायनिक रीतीने खरखरीत करणं. यातलं शेवटचं हल्ली फार लोकप्रिय आहे, वाहनांसाठीच्या पार्टमध्ये तर हमखास. पण खरखरीत पृष्ठभागावर चिप चिकटवायच्या गोंदातलं रेझिन पसरतं आणि जिथे तार बाँड करायची त्या जागेवर जाऊन बसलं की तार चिकटत नाही. चांदीचंही तसंच. तार नीट बसावी म्हणून लीडच्या, म्हणजे पायाच्या आतल्या, टोकाला चांदीचा मुलामा हवा, पण चांदीला मोल्ड कंपाउंड नीट धरत नाही. म्हणून चांदी ठिपक्यापुरतीच द्यायची, आणि तो ठिपका सरकला तर काय याचीही टॉलरन्स ठरवायची. आमच्या मीटिंगमधली निम्मी भांडणं असल्याच गोष्टींवरून होतात. वायर बाँडवाल्यांना मोठा ठिपका हवा असतो, रिलायबिलिटीवाल्यांना छोटा.

पॅडच्या मापाचंही असंच. उष्णतेसाठी मोठा पॅड बरा असं वाटतं. पण चिप छोटी आणि पॅड अवाढव्य असेल तर चिपभोवती उघड्या धातूचा पट्टा वाढतो आणि डीलॅमिनेशन तिथूनच सुरू होतं. शिवाय पॅकेजचं माप ठरलेलं असल्यामुळे पॅड वाढला की लीडची टोकं आखूड करावी लागतात, आणि आखूड लीडला प्लॅस्टिकची पकड कमी. पॅड चिपएवढाच ठेवला तर गोंदाला कडेने वर चढायला जागा उरत नाही. पॅड एक आणि चिपची मापं पाच, असं करून एकच लीडफ्रेम सगळ्या पार्टना वापरायचा मोह प्रत्येक कंपनीला होतो. स्वस्त पडतं, यात शंका नाही. पण त्यातल्या सर्वांत छोट्या चिपच्या तारा फार लांब होतात.

तारांचा मुद्दा जरा सविस्तर सांगते, कारण इथे पत्र्याची जाडी थेट सर्किटपर्यंत पोचते. लीडफ्रेम दोन रीतींनी बनते. स्टॅम्पिंगमध्ये डाय बनवायचा खर्च मोठा, पण नंतर नग स्वस्त. एचिंगमध्ये फोटोरेझिस्ट लावून दोन्ही बाजूंनी तांबं रसायनाने खायचं. डिझाइन बदलणं सोपं आणि हाफ-एच जमतो. क्यूएफएन बहुतेक एचिंगचेच. दोन्हीकडे एक ढोबळ मर्यादा सारखी: दोन लीडमधली फट पत्र्याच्या जाडीपेक्षा फार कमी करता येत नाही. पत्रा ०.२ मिमी असेल तर फटही त्याच्या आसपास. म्हणजे पाय जास्त असले की सगळ्यांची टोकं चिपजवळ मावत नाहीत, ती मागे सरकतात आणि तारा लांबतात. २५ मायक्रॉनच्या सोन्याच्या तारेचा रोध दर मिलिमीटरला सुमारे ५० मिलिओम आणि इंडक्टन्स ढोबळमानाने १ नॅनोहेन्री. ऑप-अँपला याचं काही पडलेलं नसतं. पण स्विचिंग रेग्युलेटरमध्ये ५ नॅनोसेकंदांत ५ अँपिअर बदलले तर दर नॅनोहेन्रीमागे १ व्होल्ट उभा राहतो. स्कोपवर दिसणारं ते रिंगिंग, म्हणजे व्होल्टेजची थरथर, सगळंच लेआउटचं पाप नसतं.

टोकं पातळ करून पुढे आणायची युक्ती आहे. हाफ-एच केलेला भाग पातळ असल्यामुळे तिथली फट आणखी अरुंद करता येते. पण मग ते टोक खालून अधांतरी राहतं. वायर बाँडरची कॅपिलरी, म्हणजे तार धरणारी बारीक नळी, वरून दाब आणि अल्ट्रासॉनिक कंपन देते तेव्हा टोक खाली-वर नाचतं आणि तार धरत नाही. कागदावर सुंदर दिसणाऱ्या किती तरी लीडफ्रेम इथे नापास होतात. मी टोक पुढे नेण्यापूर्वी बाँडिंगवाल्यांना क्लॅम्प कुठे बसणार ते विचारते.

पॉवर मॉसफेटमध्ये, म्हणजे मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरमध्ये, तर तारा परवडतच नाहीत. सिलिकॉनचा रोध काही मिलिओमवर आला, मग त्याला ५० मिलिओमच्या तारा कितीही समांतर लावल्या तरी हिशेब जमेना. म्हणून चिपच्या डोक्यावर तांब्याची क्लिप सोल्डर करतात, जी खरं तर दुसरी लीडफ्रेमच. छोट्या डीसी-डीसी कन्व्हर्टरमध्ये चिप उलटी करून तांब्याच्या खांबांवर थेट लीडवरच बसवतात. त्यात तार नाही, वेगळा पॅडही नाही, लीडच चिपखाली पसरलेल्या असतात. मग लीडफ्रेमचं ड्रॉइंग पीसीबीच्या वरच्या थरासारखं दिसायला लागतं आणि चिपच्या डिझाइनरला आमच्याशी बोलल्याशिवाय गत्यंतर राहत नाही.

लीडफ्रेम हाच पार्टचा मुख्य भाग असू शकतो, याचं उदाहरण तुमच्याच ड्रॉवरमध्ये असेल: एसीएस७१२ चं करंट सेन्सर मॉड्यूल. त्या आठ पायांच्या आयसीत मोजायचा करंट १-२ नंबरच्या पायांतून शिरून ३-४ मधून बाहेर पडतो. ही आतली तांब्याची वाट म्हणजे लीडफ्रेमच, रोध १.२ मिलिओम. हॉल सेन्सर असलेली चिप या वाटेला खेटून असते आणि वाटेभोवतीचं चुंबकीय क्षेत्र मोजते. दर अँपिअरला किती क्षेत्र मिळणार ते त्या वाटेच्या आकारावर आणि चिप तिच्यापासून किती लांब बसली यावर ठरतं. त्यामुळे अचूकतेसाठीचं प्रोग्रॅमिंग पॅकेजिंग झाल्यावर करतात, आधी करून उपयोगच नाही. ३० अँपिअरला या वाटेत १ वॉटच्या वर उष्णता होते, म्हणून मॉड्यूलवर त्या बाजूला तांबं भरपूर हवं. हाय व्होल्टेजचं आयसोलेशन टिकवायला ही वाट आणि सिग्नलचे पाय यांच्यामध्ये धातूचा पूल कुठेही चालत नाही. आणि इथे अलॉय ४२ चा प्रश्नच येत नाही, तो चुंबकाला चिकटतो.

आता शिकण्याबद्दल. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झालेला टाटा इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना आसाममध्ये जागीरोडला, तर सीजी पॉवरचा गुजरातेत सानंदला. मुंबईत मुख्यालय असलेल्या सीजीच्या यादीत क्यूएफएन, क्यूएफपी ही लीडफ्रेमचीच पॅकेजं आहेत. चेन्नईजवळ मरईमलाई नगरला स्पेल सेमीकंडक्टर तर कित्येक वर्षं हेच करतेय, पण तिचं नाव कोणी घेत नाही. यासाठी व्हीएलएसआय, म्हणजे चिप डिझाइनच, शिकलेलं हवं असं नाही. मेकॅनिकल, मेटलर्जी, पॉलिमर, केमिकल, कुठल्याही शाखेतून या कामात येता येतं. माझ्या मते मेकॅनिकलच्या मुलांना तर हे जास्त लवकर समजतं, कारण टॉलरन्स आणि प्रसरण त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं.

सुरुवात फुकटात होते. भंगारातल्या बोर्डवरून एक एसओ-८ (दोन बाजूंना चार-चार पाय असलेली आयसी) आणि एक क्यूएफएन काढा. क्यूएफएनच्या बाजूच्या भिंती भिंगातून बघा. लीडची कापलेली टोकं दिसतील आणि कोपऱ्यांजवळ तांब्याचे आणखी बारीक ठिपके. ते पॅडला धरून ठेवणाऱ्या टाय बारचे शेंडे. ते आतून पॅडशीच जोडलेले असतात, त्यामुळे त्या कोपऱ्यांखालून ट्रेस नेला तर एखाद दिवशी विनाकारण ग्राउंडला शॉर्ट मिळेल. मग एसओ-८ आडवा धरून ४०० नंबरच्या वॉटर पेपरवर पाणी घालून एका बाजूने घासत जा, धूळ नाकात जाऊ देऊ नका. निम्म्यापर्यंत आलात की पुढचे कागद बारीक घ्या. पायांच्या पातळीपेक्षा पॅड किती खाली दाबलाय, चिपखाली गोंदाचा थर किती पातळ आहे, चिपच्या वर आणि पॅडच्या खाली प्लॅस्टिक किती किती उरलंय, हे सगळं भिंगातून स्पष्ट दिसतं आणि गोंदाचा थर सोडला तर बाकीचं अंदाजे मोजताही येतं. मोजून झाल्यावर त्याच पार्टच्या डेटाशीटमधला थर्मल रेझिस्टन्स बघा आणि वरच्यासारखा हिशेब मांडून तो कुठवर जुळतो ते खाली कमेंटमध्ये लिहा.